समुद्राकडं पाठ
आज बाबांच्या तेराव्याला त्यांच्या फोटोला हार घालताना मालवणची ती संध्याकाळ आठवली. आम्ही बाकी सगळे होडीतून समुद्रातला किल्ला पाहून आलो होतो, बाबा मात्र दिवसभर किनाऱ्यावरच बसून होते. ऊन कलल्यावर ते धोतर सावरत गुडघाभर पाण्यात गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी उपरण्याच्या गाठीतून घरून आणलेला भाकरीचा तुकडा काढला आणि विचारलं, "तुझी आई पोचली असंल ना इथं आतापावतर?" आईची रक्षा आम्ही आदल्या वर्षी शहागडला गोदावरीत सोडली होती. मी म्हणालो, "बाबा, आपली गोदावरी उगवतीकडं जाती. तिकडचा समुद्र अलग हाय." "मंग इथं न्हाई ती?" "न्हाई." त्यांनी तुकडा पुन्हा गाठीत बांधला. मावळता सूर्य, किल्ला, सगळं पाठीमागं टाकून ते उगवतीकडं वळले आणि हात जोडून उभे राहिले. तेवढ्यात समोर किनाऱ्यावरून माझ्या बायकोनं फोटो काढला. आज हार घातलेला तोच फोटो पाहून जेवायला आलेला प्रत्येक जण म्हणतो, म्हातारा सगळ्यांना रामराम करून गेला बघा. त्यांची रक्षाही आम्ही शहागडलाच सोडलीय.