हिवराखालची जागा

ग्रामसभेत मी तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं. पण मी गावातला भूगोलाचा मास्तर, गप बसेन तर शप्पथ! आमचं गाव सोनाळ्याच्या पलीकडं. बीटी बियाणं आल्यापासून बांधापर्यंत कपाशीच. गुरं विकली गेली, गायरान ओस पडलं. तिथं सौरऊर्जेचा प्रकल्प येऊ द्यायचा का, एवढाच विषय होता. मी उठलो आणि थेट ग्रीनलँडमध्ये पोचलो.

"तिकडं बर्फात राहणारे मूठभर लोक," मी म्हणालो, "आपला वेगळा देश मागून राह्यले, अन् आपली हिरवी वीजही आपणच करून राह्यले. आपल्याले विदर्भ वेगळा पाह्यजे ना? मंग वीज नको का आपली?"

"तिथं कपाशी होते काय हो, गुरुजी?" मागून कुणीतरी विचारलं. सभा हसली. मीही हसलो आणि ठणकावलं, "गायरानात हायेच काय? काहीच नाही!" भराभर हात वर झाले. बायकांत बसलेल्या माझ्या मायचा हात तेवढा मांडीवरच होता.

घरी आल्यावर ती म्हणाली, "काहीच नाही कसं? तुहा मोठा भाऊ हाये ना तिथं."

माझ्या आधीचं तिचं बाळ तिसऱ्या दिवशीच गेलं होतं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. त्याला गायरानातल्या हिवराच्या झाडाखाली पुरलं होतं. मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी प्रकल्पवाल्यांचं ऑफिस गाठलं. तेवढा हिवर राहू द्या म्हणून मी कितीतरी हेलपाटे घातले. एक दिवस शाळेतून येतो तर सगळं सपाट, खोडसुद्धा नाही.

पॅनेल लागल्यावर एका दुपारी माय मला घेऊन तिथं गेली. रखवालदार ओळखीचा, त्यानं आत सोडलं. चिटपाखरू नव्हतं. एकसारख्या काळ्या काचांच्या रांगा आणि कुठूनतरी बारीक घूंऽऽ आवाज. मायनं नाल्यापासून पावलं मोजली, चुकली, परत जाऊन पुन्हा मोजली. जागा सापडेना. मग गडव्यातलं दूध ती प्रत्येक रांगेखाली थोडं थोडं टाकत निघाली.

"इथं हायेस का रे?" ती दर रांगेला वाकून विचारायची, थांबायची, पुढं जायची. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. माझ्यामुळं झालं होतं हे सगळं.

एका रांगेशी तिनं विचारलं, आणि अख्खी रांग करकरत जराशी कलली.

"कूस बदलली त्यानं," माय म्हणाली. किती वर्षांनी तिचा चेहरा असा उजळलेला पाहत होतो.

"माय, ते मोटर असते. सूर्य जसा सरकते तसं..."

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत्ता कुठं निजलं ते."