पटलावर ठेवणे

माझे वडील जिल्हा परिषदेत स्टेनोग्राफर होते. "ठराव एकदा पटलावर आला की अर्धं काम झालं," असं ते जेवताना म्हणायचे. पटलावर ठेवणं म्हणजे सभेपुढे मांडणं, हे मला पाढ्यांच्या आधी माहीत होतं. इंग्रजीत त्यालाच 'टेबल करणं' म्हणतात, हेही त्यांनीच शिकवलं. या एका शब्दापायी माझ्या हातून एका भल्या माणसाची नोकरी गेली. ज्यांना ती खरोखर घालवायची होती ते सगळे अजून दुपारी कॅफेटेरियात मजेत सूप पितात, म्हणून हे लिहिते आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात मी गणित शिकवते. स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात पीएच.डी. केली आणि तडक इथे आले. कॉलेज इतकं छोटं, की डीन पोस्टाच्या रांगेत भेटतात. इथला बास्केटबॉल म्हणजे टीव्हीवर दिसतो तो नव्हे. खेळाची शिष्यवृत्ती नाही, कॅमेरे नाहीत, बाकांवर निम्मे आईबाप. आणि कोच म्हणजे सूट घालून ओरडणारा साहेबही नव्हे. आमच्या पुरुष संघाचा कोच स्वतः व्हॅन चालवायचा, गणवेश धुवायचा, सामन्याआधी हॉल झाडायचा, सकाळी बॅडमिंटनचा तास घ्यायचा. उरलेल्या वेळात हायस्कूलच्या मुलांच्या आयांना फोन करून आमचं कॉलेज कसं चांगलं आहे ते पटवायचा.

त्याच्या हुद्द्याआधी 'इंटरिम' असा शब्द होता. आपल्याकडे वर्तमानपत्रात लिहितात तसा, हंगामी. आधीचा कोच भर मोसमात मोठ्या कॉलेजात निघून गेला, तेव्हा हा त्याचा मदतनीस होता. सहा आठवडे सांभाळ म्हणून संघ याच्या हाती दिला, आणि तीन वर्षं झाली तरी 'हंगामी' काही पुसलं गेलं नाही. संघ हरायचा तो जिंकू लागला, मुलं वेळेवर पदव्या घेऊ लागली, तरी दर एप्रिलला एकाच वर्षाचं पत्र. मोलकरणीलासुद्धा आपण इतकं टांगून ठेवत नाही.

माझी त्याची ओळख खेळाडूंच्या मार्कांवरून झाली. इतर कोच माझ्याकडे येतात ते "डॉक, अमक्याचं जरा बघा ना" म्हणायला. हा पहिल्यांदा आला तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसून त्याने एका नापास खेळाडूबद्दल विचारलं, "डॉक, त्याला नेमकं काय समजत नाहीये?" मी सांगितलं, आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात तो मुलगा तेवढं सगळं शिकून आला होता. माझ्या मनात हा माणूस तिथेच पक्का झाला.

पुढे त्याची मुलगी माझ्या वर्गात आली. अकरावीतली, पण हुशार. शाळेने तिला कॉलेजात कॅल्क्युलस शिकायची परवानगी दिली होती. एकदा तिने सहज सांगितलं की ही तिची पाचवी शाळा. बाबांची नोकरी गेली की आई नर्सची नवी जागा शोधते, आणि ही नवी शाळा. "पण बारावी इथेच," ती म्हणाली. "बाबांनी प्रॉमिस केलंय."

एवढंच हवं होतं त्या माणसाला. मोठं कॉलेज नको, नाव नको. मुलीची बारावी एका ठिकाणी व्हावी.

त्या वसंतात मी खेळ समितीवर होते. आम्ही सहा प्राध्यापक आणि अध्यक्ष रसायनशास्त्राचे. 'हंगामी' काढून कोचला तीन वर्षांचा करार द्यावा, अशी शिफारस डीनकडे पाठवायचा ठराव मीच लिहिला. शेवटच्या बैठकीत तो कार्यक्रमपत्रिकेवर सगळ्यात खाली. वरचे विषय रेंगाळत होते, घड्याळ पुढे सरकत होतं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. शेवटी न राहवून मी हात वर केला आणि वडिलांना अभिमान वाटेल अशा स्वरात म्हणाले, "कोचच्या कराराचा ठराव आत्ताच्या आत्ता टेबल करावा, अशी माझी सूचना आहे."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मग त्यांनी विचारलं, "अनुमोदन?" कोणीतरी दिलं. "यावर चर्चा नसते. मत घेऊ." सगळे हात वर गेले. माझा सगळ्यात उंच.

मग सामन्याच्या दिवशी गाड्या कुठे लावायच्या यावर चर्चा सुरू झाली. चांगली चाळीस मिनिटं. मी कागद सरसावून माझ्या ठरावाची वाट बघत बसले. बैठक संपली, खुर्च्या सरकल्या, तेव्हा दारापाशी मी अध्यक्षांना गाठलं. "आपली चर्चा?"

"तुम्हीच टेबल केलात," ते म्हणाले. "म्हणजे बाजूला ठेवला. आता सप्टेंबरच्या आसपास बघू."

अमेरिकेत टेबल करणं म्हणजे तहकूब करणं. त्याच शब्दाचा नेमका उलटा अर्थ. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी म्हटलं, "मला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला कळलं होतं. ठराव मीच लिहिला होता!"

"नियम नियम असतो," असं म्हणून त्यांनी कोट चढवला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो मीटिंगमधून हेडफोन काढून म्हणाला, "अगं पण यार, तू तर त्याला सपोर्ट करायला गेली होतीस ना? ईमेल टाक, री-ओपन करायला सांग."

"टाकला रे. सेमिस्टर संपलं म्हणतायत."

चूक माझीच होती, ते मी नाकारत नाही. इतकी वर्षं या देशात राहून एक शब्द पडताळून पाहिला नाही. पण चूक करणारी एक, आणि ती चूक ओळखून गप्प बसणारे सहा. त्यांच्यापैकी एकानेही "अहो, तुम्हाला मांडायचंय की टाळायचंय?" एवढं विचारलं नाही. त्यांना टाळायचंच होतं. मी आयतं कोलीत हातात दिलं.

जूनमध्ये क्रीडा संचालकांनी नवा कोच जाहीर केला, कुठल्याशा मोठ्या कॉलेजातला तरुण मदतनीस. आमच्या कोचनेही अर्ज केला होता. त्याला सांगितलं गेलं, की प्राध्यापकांच्या समितीला बहुधा शंका होत्या. त्यांनी तुमचा ठराव टेबल केला.

मी जिमखान्यात गेले. तो ड्रायरमधून काढलेल्या जर्सी घडी करत होता. नोकरी गेलेला माणूस, पुढच्या कोचसाठी घड्या घालत होता! मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, शब्द, वडील, जिल्हा परिषद, सगळं. तो ऐकून घेत राहिला आणि मग आश्चर्य म्हणजे हसला.

"डॉक, मला याआधी चार ठिकाणी काढलं," तो म्हणाला. "तिथे प्रत्येकाने शब्द बरोबर वापरले होते."

त्याला आयोवातल्या एका कॉलेजात जागा मिळाली. पुन्हा मदतनीस म्हणून, पन्नाशीला टेकलेला असताना. मुलीला वर्षभर आमच्याकडे ठेवा, असं मी आणि नवऱ्याने दोनदा सुचवलं. त्याने आभार मानले आणि नाही म्हटलं. घर एकत्रच हलतं, असं तो म्हणाला. निघायच्या आधी ती माझं पुस्तक परत करायला आली. मी माफी मागितली, तर तिने मानेनेच "असू दे" म्हटलं आणि दाराकडे बघत राहिली. सोळा वर्षांच्या मुलीला निरोप घ्यायची इतकी सवय असू नये.

त्या उन्हाळ्यात मी सभेच्या नियमांचं पुस्तक आणून पहिल्या पानापासून वाचलं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात समिती बसली. अध्यक्ष म्हणाले, "एक जुना विषय आहे, पण ती व्यक्ती आता इथे नाही, तेव्हा..."

"टेबलावरून उचलून चर्चेला घ्यावा, अशी माझी सूचना आहे," मी म्हणाले आणि कलमही सांगितलं. या वेळी इंग्रजी त्यांचं आणि जिद्द माझी. अनुमोदन मिळालं. मी ठराव ओळन्‌ओळ वाचला. व्हॅन, जर्सी, बॅडमिंटन, ती वही, पदव्या घेतलेली मुलं. मला वाटलं, आता तरी कोणी खाली मान घालेल.

वाचून झालं तशी चर्चा सुरू झाली. अप्रतिम माणूस, एक म्हणाले. अशी माणसं आता मिळत नाहीत, दुसऱ्या म्हणाल्या. अध्यक्षांनी स्वतः दोन वाक्यं जोडली आणि मत घेतलं. काही पणाला लागलेलं नसलं, की माणसं किती उदार होतात! सातही हात वर गेले.

कोचला तीन वर्षांचा करार द्यावा, असं आमच्या समितीने एकमताने ठरवलं. इतिवृत्तात ते नोंदलेलं आहे, कोणीही बघावं. त्या सकाळी त्याची मुलगी आयोवात सहाव्या शाळेत बारावीचा वर्ग कुठे आहे ते विचारत फिरत होती.