मोहाखालचा पाचोळा

तळोद्याच्या बाजारात मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला की मला अजून हसू फुटतं. इंग्रजांच्या काळात आमचे हे सातपुड्यात जंगलाचे शिपाई होते. एका चैत्रात मी त्यांची भाकरी घेऊन गेले, तर पडलेली फुलं नीट दिसावीत म्हणून भिलांच्या बाया मोहाखालचा पाचोळा पेटवत होत्या.

"विझवा! सगळं रान पेटेल!" हे ओरडले.

"मंग पाला कोन झाडी? तू?" एक म्हातारी म्हणाली.

यांनी फेटा काढला, डहाळ्यांचा झाडू केला आणि झाडाखाली लख्ख झाडलं. बाया खो खो हसल्या. मी लाजेनं चूर झाले. आज वाटतं, इतके रुबाबदार ते फेट्यातही कधी दिसले नाहीत.

रान वाचलं. आमचं अंगण मात्र जन्मभर मीच झाडलं.