दोनशेची चादर

सायकलच्या चेनला तेल घातलं की रस्त्यावरची सगळी धूळ येऊन तिला चिकटते. आमच्या सायकल ग्रुपच्या किश्श्यांचं तसंच आहे. पहाटे चेन पुसून निघायचं, आणि चहाच्या टपरीपर्यंत नवा किस्सा चिकटलेला! पुसावेत तरी किती?

मी इरण्णा. शाळा चौथीपर्यंत. चिंचोळी एमआयडीसीत नोकरी केली, आणि नोकरीभर जाऊन-येऊन सायकल मारली. उन्हात, पावसात, नाइट शिफ्टला. एकानं कधी फोटो काढला नाही. आणि माझा साडू मल्लप्पा, सरकारी ऑफिसातला क्लार्क, जन्मभर स्कूटरवर बसला. रिटायर झाला, गिअरची सायकल घेतली, आणि आता जुळे सोलापूरभर त्याचे फोटो! "काकांचा स्टॅमिना बघा!"

स्टॅमिना म्हणे.

ग्रुपच्या मुख्य प्राची मॅडम. दातांच्या डॉक्टर. त्यांनी एक पद्धत पाडली आहे. जो एका दिवसात, दिवस मावळायच्या आत, दोनशे किलोमीटर मारून येईल त्याच्या खांद्यावर सगळ्यांसमोर सोलापुरी चादर घालायची. मल्लप्पाला ती गेल्या हिवाळ्यात मिळाली.

मी त्याच्या घरी गेलो तर चादर दिवाणावर अंथरलेली. मी बसायला गेलो, तोच मेहुणी शांता आतून ओरडली, "दाजी, तितं नको! ती दोनशेची हाय!"

मी फरशीवर बसून चहा प्यालो. तिथंच ठरवलं, मीही ग्रुपात जाणार.

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, "काका, मागं जाड गादी असलेली चड्डी घ्या. लांब चालवायची म्हणजे ती लागतेच."

घेतली. पण असली चड्डी घालून गल्लीतून जायचं कसं? वरून लुंगी नेसली. गल्लीबाहेर लुंगी सोडली, घडी करून हँडलला बांधली आणि मार्डीपर्यंत गेलो. चालता येईना! मॅडमना म्हणालो, "ही गादी कुणी केली? पोटात टोचायली."

मॅडम नुसत्या खोकल्या. मल्लप्पा मात्र वाकून नीट बघत म्हणाला, "साडू, बसायचं मागं असतंय. तुमी गादी पुढं घातली."

उलटी! घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "भावजींनी पहिल्याच दिवशी सरळ घातली होती म्हणं."

ह्यांच्या घरात चड्डीसुद्धा चर्चेला असते.

*

बाकीचे लोक वाटेत पाकिटातली गोड पेस्ट चोखतात. दातांच्या डॉक्टरसुद्धा! मला ते जमत नाही. मी पाठीच्या खिशात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली. चटणीत तेल जरा सढळ.

तुळजापूर रोडला ऊन चढलं, घाम सुटला, पुडी फुटली. मला काय पत्ता? मागून मॅडमची किंकाळी आली, "थांबा! काकांना रक्त येतंय!"

सगळे थांबले. मला खाली बसवलं. एकानं पाण्याची बाटली ओतली, एक ॲम्ब्युलन्सला फोन लावायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं माझ्याभोवती जमली होती. म्हटलं, जमू द्यात.

मल्लप्पा सावकाश सायकलवरून उतरला. माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. जिभेला लावलं.

"मीठ कमी हाय," म्हणाला.

पुढच्या रविवारी त्यानं शांताच्या हातची चटणी डबा भरून आणली. सगळा ग्रुप बोटं चाटत होता. "काकूंच्या चटणीला तोड नाही!" चटणी कुणाच्या पाठीवरून सुरू झाली, हे एकालाही आठवलं नाही.

*

सोलापूरचा वारा हा वेगळाच शत्रू. जाताना तोंडावर असतो, परत फिरलं की पुन्हा तोंडावरच! मॅडमनी युक्ती शिकवली. एकामागं एक चालवायची. पुढचा वारा खातो, मागच्याला हलकं जातं. मग पाळी बदलायची.

माझी पाळी मल्लप्पाच्या मागं आली.

मी म्हणालो, "जमणार नाही."

"का हो काका?"

"लग्न माझं आधी झालंय. मी थोरला साडू. ह्यांच्या मागं मी कधी चाललो नाही."

एकटाच बाजूनं, पूर्ण वारा खात तामलवाडीपर्यंत गेलो. परत येताना पायात गोळे आले. शेवटी कांद्याचा टेम्पो थांबवला, सायकल वर टाकली आणि पोत्यांवर बसून गावात आलो. मोबाईलमधलं किलोमीटर मोजायचं ॲप चालूच राहिलं.

संध्याकाळी ग्रुपवर मॅडमचा मेसेज, "इरण्णाकाका आज सगळ्यांत फास्ट! ग्रेट!" फुलांचे गुच्छ आले, टाळ्या आल्या. मी नमस्काराचं चित्र पाठवलं.

खाली मल्लप्पाचा मेसेज, "अभिनंदन साडू. कांदा काय भाव?"

*

पण मल्लप्पाचाही एक किस्सा आहे, आणि तो मी सगळ्या पाहुण्यांत सांगितला आहे. लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्यालाही.

शंभराच्या प्रॅक्टिसला गेला होता. त्याच्या कॉलनीच्या गेटपाशी आला तेव्हा ॲपवर दोन-तीन किलोमीटर कमी. ह्या सायकलवाल्यांचा एक रोग आहे. आकडा पुरा झाल्याशिवाय खाली उतरायचं नाही. पाय मोडला तरी चालेल, पण नव्व्याण्णववर थांबायचं नाही! मग कॉलनीतल्या गणपतीच्या देवळाभोवती गोल, गोल, गोल.

गेटवरचा वॉचमन नवा होता. तो बघत राहिला. साहेब घरापुढून जातात, घराकडं बघतात, आणि पुन्हा पुढं निघतात! शेवटी त्यानं शांताला फोन केला.

"बाई, लवकर खाली या. साहेबांस्नी घर सापडंना!"

शांता रडतच खाली आली. मी हे ऐकून इतका हसलो की बायको म्हणाली, "पुरं करा, दात पडतील."

*

मग माझ्या दोनशेचा दिवस आला. हायवेनं भीमानगरपर्यंत जायचं, भीमेचा पूल बघायचा आणि परत. शेवट मल्लप्पाच्याच कॉलनीच्या गेटपाशी. मॅडम तिथं चादर घेऊन थांबणार.

मल्लप्पाची चादर झालेली होती, तरी तो आला. "घरी बसून काय करू?" म्हणाला. निघताना विचारलं, "साडू, ॲप चालू केलं का?"

"मला शिकवू नका!" मी म्हणालो. केलं नव्हतं. गावाबाहेरचा बाळ्याचा पूल ओलांडल्यावर आठवलं, तेव्हा गुपचूप दाबलं.

जाताना मी पुढं. पूल आला. चहा झाला. परत फिरलो आणि वारा आला.

मोहोळला माझे पाय संपले. दिवस कलत चालला होता. इतक्यात बाजूनं मल्लप्पा आला, माझ्या पुढं लागला आणि तिथंच राहिला. वेग माझाच.

"मी मागितलं का?" मी ओरडलो.

"मी कुटं काय दिलं? माझा रस्ता हाय."

मोहोळपासून गेटपर्यंत मी साडूच्या पाठीकडं बघत आलो. कुणाला सांगू नका.

गेटपाशी सगळा ग्रुप उभा. ऊन अजून टेरेसवर होतं. मॅडमनी चादर उघडली आणि माझा मोबाईल बघितला. आकडा दोनशेला कमी! बाळ्याच्या पुलापर्यंतचे मोजायचे राहिले होते.

"काका, राहू द्या. आम्हाला माहीत आहे तुम्ही कुठून निघालात. या, वाका."

मी मल्लप्पाकडं बघितलं. तो कधी काही बोलला नसता. माझ्या दिवाणावर बसून, चादरीवर हात फिरवून, चहा पिऊन गेला असता. त्यापेक्षा पाय मोडलेला बरा.

मी सायकल वळवली आणि देवळाकडं निघालो.

तिसऱ्या फेरीला डोळ्यापुढं काजवे आले. तेवढ्यात पुढं पाठ दिसली. तीच.

"साडू, बाजूला व्हा! तुमचे दोनशे झालेत की! वाढवताय कशाला?"

तो मागं वळला नाही.

"आणि हितं वारा कुटाय?"

"सुम्मन बर्री," तो कानडीत म्हणाला. गप्प या.

गप्प गेलो. दोघं गोल, गोल. सगळा ग्रुप बघत उभा. चादर मॅडमच्या हातात तशीच.

गेटवर वॉचमननं फोन कानाला लावला होता.

"बाई, तुमच्या बहिनीलाबी बोलवा. आता दोगांस्नीबी घर सापडंना!"