चाळीस पावलांवरचं गॅरेज

वर्ना ऑस्टबीला गावातली निम्मी माणसं अजून ‘दार लाव’ याच नावाने ओळखतात. शाळेच्या स्वयंपाकघरात ती एकतीस वर्षं होती. आम्ही पोरं जेवायला आत शिरलो की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. “दार लाव, लॉवेल. बाहेरचा अख्खा डकोटा तापवायचाय का तुला?” आज मी पंचावन्न वर्षांचा आहे, लोकांची घरं बांधतो, आणि थंडीत उघडं दार दिसलं की माझा हात आपसूक तिकडे जातो. गावात सगळ्यांचंच तसं आहे.

गेल्या फेब्रुवारीत वर्नाने मला बोलावलं. वय अठ्ठ्याहत्तर, एक खुबा बदललेला, आणि जुन्या घराचे जिने आता चढवत नव्हते. पलीकडच्याच जागेवर एकमजली घर बांधायचं होतं. फार्गोहून तिची मुलगी जोनेल आली होती आणि तिची एकच अट होती. गॅरेज घराला जोडून हवं, नाहीतर आईने तिच्याजवळच्या वृद्धाश्रमात यायचं.

“सुटं हवं,” वर्ना म्हणाली. “घरापासून चाळीस पावलं. आणि दार हाताने उचलायचं. बटण नको, वायरसुद्धा नको.”

“आई, गाडी विकून तुला अकरा वर्षं झाली. गॅरेज हवंय तरी कशाला?”

“हवंय.”

“मग जोडून घे ना. शेजारची रूथ चर्चला न्यायला येईल तेव्हा आतल्या आत गाडीत बसशील. बर्फावर एकदा घसरलीस की संपलं.”

“मी काही घसरत नाही.”

“हो, तो खुबा हौसेनेच बदललास.”

जाताना जोनेलने मला बाजूला घेतलं. “लॉवेल, तुम्ही समजवा तिला. माझं काही चालत नाही.” मलाही जोनेलचंच पटत होतं. उणे तीसमध्ये सामानाच्या पिशव्या घेऊन अंगणातून चालायला लावणारं घर मी कुणाला बांधून देत नाही. म्हातारी हट्टाला पेटली आहे, दुसरं काय, असं मला वाटलं.

तिचा नवरा ऑर्विल अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीत, त्या जुन्या घराच्या गॅरेजमध्ये गाडीच्या धुराने गुदमरून वारला. इंजिन चालू होतं आणि मोठं दार बंद. गावाला एवढंच ठाऊक होतं. आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरून जेवण नेऊन दिलं, चर्चमध्ये शेवटच्या बाकांवर बसलो, आणि कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.

रविवारी सकाळी मी नकाशा घेऊन तिच्याकडे गेलो. तिने कॉफी ओतली, लोणी-साखर लावलेली बटाट्याची पोळी पुढे केली. मी भाषण तयार करून आलो होतो. तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीपलीकडे गाडी सुरू झाली. थंडीत जुनी गाडी सुरू होते तशी, आधी दोनदा खोकली आणि मग धडधडू लागली. माझा कप बशीत थरथरू लागला.

“कोण आलंय?” मी विचारलं.

वर्ना उठली आणि तिने स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. वर्नाने थंडीत खिडकी उघडलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

मी गॅरेजमध्ये जायचं दार उघडलं आणि आवाज थांबला. आत दोन फावडी, एक शिडी आणि मोकळी फरशी. मोठं दार खाली होतं. धुराचा वास मात्र नाकात भरला. मी दार लावलं, आणि पलीकडे इंजिन पुन्हा चालू लागलं.  

“दर रविवारी,” वर्ना म्हणाली. “पावणेआठला.”

मी खाली बसलो.

“चर्चला निघायच्या आधी तो माझ्यासाठी गाडी तापवायचा. मोठं दार अर्धं वर करून ठेवायचा. त्या दिवशी इथे फरशी बर्फासारखी झाली होती. मला वाटलं, हा वर दाढी करतोय आणि दार आपलं उघडं टाकलंय. बटण इथेच होतं.” तिने भिंतीवर बुजवलेल्या चौकोनावर बोट ठेवलं. “गाडी चालू असेल हे डोक्यातच आलं नाही, सवयीने मी दाबलं. मग केस विंचरायला वर गेले. डोकं जड झालं म्हणून जरा आडवी झाले. चर्चला दिसलो नाही म्हणून रूथ आली, तोवर झालं होतं सगळं.”

“आणि ऑर्विल?”

“गाडीतच होता. रेडिओवर हवामान ऐकत बसायचा. डोळा लागला असेल.”

“जोनेलला माहीत आहे?”

“तिने कधी विचारलं नाही.”

“मग वर्ना, नव्या घराला गॅरेज ठेवूच नका.”

“आणि त्याने कुठे जायचं? या थंडीत उघड्यावर?” ती म्हणाली. “भिंतीला लागून आता सोसवत नाही मला, लॉवेल. पण त्याला बाहेरही नाही काढवत.”

मी नकाशाची गुंडाळी केली. दुसऱ्या दिवशी जोनेलला फोन करून सांगितलं की तिथली जमीन कच्ची आहे, जोडून गॅरेज बांधलं तर पाया खचेल. जमिनीबद्दल मी आजवर कुणाशी खोटं बोललो नव्हतो. ती कुरकुरली, पण एक नवी अट घालून तयार झाली. हिमवादळात शेतावर घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधतात, तसा आईला धरायला घरापासून गॅरेजपर्यंत दोर हवा. तो मी स्वतः बांधला.

डिसेंबरात, एका रविवारी, मी पुन्हा गेलो. पावणेआठ वाजून गेले. नव्या स्वयंपाकघरात काही ऐकू आलं नाही. वर्नाच्या चेहऱ्यावर तरतरी होती.

“झोप लागते आता,” ती म्हणाली.

खिडकीतून गॅरेज दिसत होतं. त्याचं दार अर्धं वर होतं.

“शनिवारी मी खाली ओढून ठेवते,” ती म्हणाली. “सकाळी ते असं असतं.”

“स्प्रिंग सैल असेल. जाताना बघतो.”

“हात लावू नकोस त्याला. तो आता स्वतःच उघडून घेतो. मला दुसरं काही नको.”

मी बरं म्हटलं. निघालो. गॅरेजवरून जाताना पाहिलं, वाऱ्याने बर्फ आत लोटला जात होता, फरशीवर ढीग झाला होता. मी काय करतोय हे कळायच्या आत माझ्या हाताने दार खाली ओढलं होतं. ट्रककडे सहा पावलं गेलो असेन. मागे, बंद दाराआड, गाडी दोनदा खोकली आणि धडधडू लागली.

मी धावत परतलो. दार उचलेना. फटीतून धूर येऊन बुटांभोवती पसरत होता. दोन्ही हात खाली घालून मी जीव खाऊन ओढलं, आणि दार एकदम हलकं झालं, आतून कुणीतरी हात दिल्यासारखं. ते बरोबर अर्ध्यावर जाऊन थांबलं. आत कुणी नव्हतं. आवाज मंद होत होत बंद पडला.

वळून पाहिलं तर वर्ना दोर धरून बर्फात उभी होती. अंगात कोट नव्हता, पायात घरातल्या सपाता.

“उघडलंस?”

“उघडलं.”

ती धापा टाकत होती. तिने मागे घराकडे पाहिलं, मग पुढे गॅरेजकडे. चाळीसपैकी अकरा पावलं आली होती.

“तू नसतास, तरी मी पोचले असते ना, लॉवेल?”

“पोचला असतात,” मी म्हणालो.

तिला धरून मी घरात नेलं आणि खुर्चीत बसवलं. मागचं दार उघडं राहिलं होतं आणि बर्फ आत येत होता. आम्हा दोघांपैकी कुणीच ते लावायला उठलं नाही.