धुणं धुणाऱ्या मावशींचं रक्त

झुरळं-ढेकणांवर औषध मारणाऱ्या कंपनीत मावशी फवारणीवाल्यांचे कपडे हाताने धुवायच्या. दरवर्षी फवारणीवाल्यांचं रक्त तपासायचे, मावशींना कोणी विचारायचंही नाही. पण हल्ली त्यांची बोटं थरथरायची, सुईत दोरा जाईना, म्हणून यंदा त्या आपणहून रांगेत उभ्या राहिल्या.

"मावशी, तुम्ही कधीपासून औषध मारायला लागलात?" फवारणीवाले हसले.

अहवाल बघून डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "कपड्यांतलं औषध कातडीतून थोडं थोडं आत गेलंय. नसा ताळ्यावर ठेवणारं रक्तातलं द्रव्य निम्म्यावर आलंय. धुणं आजपासून बंद. ते द्रव्य भरून येईल, पण वेळ लागेल."

मावशी कशाबशा घरी पोचल्या, तर धाकटी जाऊ घरात नव्हती.

"कंपनीने तुझ्या जागी तिलाच धुवायला बोलावलंय," सासूबाई म्हणाल्या.

मावशी आल्या पावली कंपनीकडे धावत सुटल्या. जाऊ कोपरापर्यंत हात बुडवून कपडे चोळत होती. त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं.

"अहो ताई, झालं काय?"

मावशी नळाखाली तिचे हात साबणाने घासत राहिल्या.

जावेचं रक्त चांगलं निघालं. तरी मावशी अजून घरातला टॉवेलसुद्धा आधी हुंगून मगच पाण्यात टाकतात.