भिंगवाल्यांचे न पडलेले स्क्रू

घड्याळं दुरुस्त करणारे भिंगवाले दुकानात एकाच गोष्टीसाठी बदनाम होते. त्यांच्या हातून स्क्रू फार पडत. आठवड्यातून एकदा तरी हे गृहस्थ "गेला वाटतं" म्हणत टेबलाखाली शिरायचे आणि दोन-तीन मिनिटांनी घामाघूम होऊन रिकाम्या हातानं वर यायचे.

खरं तर स्क्रू कधी पडतच नव्हता. भिंगवाल्यांना फिट यायची. नाकाला जळक्या रबराचा वास आला की मिनिटभरात भान जाणार, ओठ आपोआप हलत राहणार, हे ठरलेलं. तेवढ्या वेळापुरती दडायला टेबलाखालची जागा सापडली होती, आणि या शोधावर स्वारी जाम खूश होती. गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत. घरात बायकोलाही 'चक्कर' एवढंच सांगून ठेवलेलं. डॉक्टरांनी विचारलं, मनावर ताण येतो का? छे हो, एकदम मजेत, म्हणाले. मजेत असलेला माणूस बसमध्ये कायम दाराशीच का उभा राहतो, मित्राकडे जेवायला का जात नाही, हे विचारायची मात्र सोय नव्हती.

शेवटी मालकांनी नाजूक कामं काढून घेतली. मनगटी घड्याळं नव्या कारागिराकडे गेली, भिंगवाल्यांकडे उरले पट्टे आणि सेल. मालक म्हणाले, तुझा हात गेला. वीस वर्षांच्या हाताबद्दल असं बोलणं! भिंगवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि बायकोलाही न सांगितलेलं तोंडून निघून गेलं. हात शाबूत आहे, मला फिट येते.

मालक हसले. थापा मारायलाही अक्कल लागते म्हणाले. रोज व्हिटॅमिन खातोस, धडधाकट आहेस, उगाच आजाराचं नाव पुढे करू नकोस. आहे की नाही कमाल? इतकं बेमालूम लपवलं की खऱ्याला कुणी विचारेना. मग चार दिवस भिंगवाले टेबलाशी ताठ बसून फिटची वाट बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा बोलावलं, तर बया फिरकेना.

पाचव्या दिवशी ते बायकोला म्हणाले, "उद्या दुकानात चल. मला काय होतं ते मालकांना सांग."

"चक्कर येते म्हणून?"

"ते नाही. खरं काय ते."

ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "खरं काय ते मला तरी कुठे सांगितलंत? त्या गोळ्या कसल्या, हे मी औषधाच्या दुकानात विचारून आले, त्याला बारा वर्षं झाली. आधी मला सांगा. मग मालकांना मी सांगते."

मालकांपुढे रागाच्या भरात फटकन निघालेला शब्द इथे शांतपणे उच्चारायचा होता. भिंगवाल्यांना लाज वाटली, आणि बायकोसमोर लाज वाटते याची आणखी लाज वाटली. शेवटी ते म्हणाले, "मला फिट येते."

बायकोनं नळ बंद केला.

"येऊन गेल्यावर डोकं फार दुखतं का हो?" तिनं विचारलं.

"फार," भिंगवाले म्हणाले.